गढूळ तळी, नितळ तळी : कांगरलुसुआकची रोजनिशी

रविवार

पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआकला पोचणं पूर्वी सोपं होतं. कोपनहेगनला विमानात बसायचं आणि साडेचार-पाच तासांनी थेट इथे उतरायचं. ग्रीनलंडमध्ये पुढे कुठेही जायचं असलं तरी पहिलं पाऊल बहुधा इथेच पडायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानी नूकची नवी लांब धावपट्टी सुरू झाली आणि मोठी विमानं तिकडे वळली. त्यामुळे आम्ही आधी नूकला उतरलो आणि तिथून पंख्याच्या डॅश-८ मध्ये बसून उत्तरेला आलो. तक्रार अजिबात नाही. डॅश-८ खालून उडतं आणि खिडकीतून तळी दिसतात. किती तळी! खडकाच्या प्रत्येक खळग्यात एक. बहुतेक काळीनिळी, मधेच एखादं दुधट हिरवं, आणि पूर्वेला, बर्फाच्या कडेला, राखाडी.

"मावशी, रंग बघून ठेव. पुढचे सगळे दिवस आपण या रंगांमागेच फिरणार आहोत," भाची म्हणाली. ती डेन्मार्कमध्ये आर्क्टिक तळ्यांवर पीएच.डी. करते. त्याआधी तिने गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात एक प्रकल्प केला होता. स्वालबार्डमधलं 'हिमाद्री' हे भारताचं २००८ पासूनचं संशोधन केंद्र तीच संस्था चालवते. तेव्हापासून तिला उत्तरेचं वेड लागलं. माझी सगळी नोकरी नाशिकला पाणी तपासण्यात गेली. आमच्या गप्पा म्हणजे दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांनी एकाच रागावर वाद घालावा तशा.

कांगरलुसुआकची वस्ती पाचशेच्या आसपास. विमानतळाच्या आजूबाजूला जे उगवलं तेच गाव. १९४१ साली अमेरिकेने इथे लष्करी तळ उभारला, कारण हवा कोरडी आणि आकाश बहुतेक वेळ मोकळं. १९९२ मध्ये अमेरिकी गेले, बराकी राहिल्या. त्यातल्याच काही आता संशोधकांच्या राहण्याच्या आणि प्रयोगशाळेच्या जागा आहेत. आमची खोलीही तशीच, लांब कॉरिडॉरमधली. रात्री अकराला ऊन सरळ उशीवर. खिडकीला जाड काळा पडदा होता, तो कशासाठी हे तेव्हा कळलं.

सोमवार

सकाळी नदी. नकाशावर वॉटसन नदी, स्थानिक नाव किन्ङुआता कूसुआ. गावातल्या पुलाखाली खडकाच्या घळीतून ती अशी काही कोसळत होती की शेजारी उभं राहून ओरडून बोलावं लागत होतं. रंग तांदळाच्या धुवणासारखा.

माझ्या हाताने आपोआप बाटली बाहेर काढली. जन्माची सवय. भाचीच्या छोट्या मीटरने गढूळपणा मोजायचा प्रयत्न केला तर त्याने मापाबाहेर असल्याची खूण दाखवली. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडचं मानक १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्या असं सांगतं. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी केंद्रावर येई तेव्हा आम्ही तुरटीची मात्रा वाढवत बसायचो. पण तो गाळ मातीचा, लाल-तपकिरी, त्यात पालापाचोळ्याचा अंश. हा गाळ वेगळा. बाटली उन्हात धरली तर आत चंदेरी भुकटी तरंगताना दिसते, आणि तासाभराने पाहिलं तरी ती तरंगतेच आहे. नाकाजवळ नेली तर वासच नाही.

हे सगळं खडकाचं पीठ. ग्रीनलंडचा बर्फाचा थर सरासरी दीड किलोमीटरहून जाड आहे. एवढं ओझं खडकावरून सरकतं तेव्हा तळातले दगड एकमेकांवर घासून दळले जातात. कण इतके बारीक की काही मायक्रॉनचे. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी थराच्या तळाशी पोचतं आणि हे पीठ उचलून बाहेर आणतं. फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या लांब अरुंद खाडीत, जिथे नदीला खारं पाणी भेटतं, तिथे मात्र कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि बसतात. समुद्र तुरटीचं काम फुकटात करतो! आमच्या जुन्या साहेबांना हे पाहायला आवडलं असतं.

हा पूल आताचा आहे. ११ जुलै २०१२ ला नदीने आधीचा पूल अर्धाअधिक नेला. त्या उन्हाळ्यात, १२ जुलैच्या सुमारास, ग्रीनलंडच्या बर्फाच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर, ९७ टक्के भागावर, वितळणं चालू असल्याचं उपग्रहांनी टिपलं होतं. पूल वाचवायला आणलेलं माती उचलायचं यंत्र वाहून गेल्याची चित्रफीत जगभर फिरली. चालक वाचला.

दुपारी वारा सुटला आणि नदीच्या कोरड्या पात्रावरून राखाडी धुळीचे लोट उठले. दातांत कचकच. भाचीने चष्मा पुसत एक गोष्ट सांगितली. हे पीठ पाण्याने जिथे पोचत नाही तिथे वाऱ्याने पोचतं. डोंगरापलीकडच्या ज्या तळ्याचा बर्फाशी काही संबंध उरलेला नाही, त्याच्यावरही ही धूळ पडते आणि खनिजं घेऊनच पडते. तेव्हा 'बर्फाचं तळं' आणि 'पावसाचं तळं' अशी वाटणी कागदावर जितकी सरळ दिसते तितकी जागेवर नसते.

मंगळवार

पॉइंट ६६०, म्हणजे रस्ता संपून बर्फ सुरू होतो ती जागा. गावापासून बर्फापर्यंत पस्तीसेक किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. ग्रीनलंडमधल्या दोन गावांना जोडणारे रस्ते नाहीत हे लक्षात घेतलं तर तो राजमार्गच. फोक्सवॅगनने १९९९ च्या सुमारास बर्फावर गाड्यांची चाचणी घ्यायला तो काढला, पुढे काही वर्षांत गाशा गुंडाळला, रस्ता मागे ठेवला. वाटेत मस्क-ऑक्सचे, म्हणजे लांब केसांच्या ध्रुवीय रानबैलासारख्या जनावरांचे, कळप दिसले. १९६० च्या दशकात ईशान्य ग्रीनलंडमधून २७ जनावरं इथे आणून सोडली होती. आता ती हजारांत आहेत, आणि गावातल्या बर्गरमध्येही आहेत. मी खाल्ला नाही. भाचीने खाल्ला आणि "चांगला होता" एवढंच म्हणाली.

बर्फावर चढल्यावर पहिलं आश्चर्य आवाजाचं. सगळीकडे पाणी वाहतंय. दुसरं आश्चर्य रंगाचं. इथलं पाणी कमालीचं निळं आणि निर्मळ. काल नदीत पाहिलं ते याच बर्फाचं पाणी, मग पीठ कुठे गेलं? पीठ अजून मिळायचं आहे. हे निळे ओढे पुढे कुठेतरी बर्फातल्या उभ्या भोकात कोसळतात, शेकडो मीटर खाली तळाला जातात, आणि तिथल्या अंधारातून दगडाचा चुरा घेऊन काठाशी बाहेर पडतात. वर निळं, खाली राखाडी.

निर्मळ म्हणजे निर्जीव असंही नाही. बर्फ कुठे पांढरा, कुठे चक्क मळकट जांभळट-तपकिरी. हा मळकटपणा बराचसा जिवंत आहे. बर्फावर वाढणारी शेवाळं उन्हापासून बचावासाठी गडद रंगद्रव्य तयार करतात. गडद बर्फ जास्त ऊन शोषतो आणि जास्त वितळतो. शिवाय जागोजागी बोटभर ते वीतभर रुंदीची गोल भोकं, तळाशी काळा गाळ. या गाळाचे कण ऊन शोषून खाली रुततात आणि स्वतःभोवती छोटी विहीर करतात. तिच्यात सूक्ष्मजीव, निळीहिरवी शेवाळं, आणि टार्डिग्रेड हे अतिचिवट सूक्ष्म प्राणीसुद्धा राहतात. भाचीने ड्रॉपरने एका विहिरीतला गाळ उचलला. तळ्यांच्या जीवसृष्टीला बर्फाकडून खनिजंच नव्हे, असा थोडा जिवंत माल आणि सेंद्रिय अंशही मिळत असतो.

परतताना रसेल हिमनदीच्या कड्याखाली थांबलो. साठेक मीटर उंच बर्फाची भिंत, पायाशी चिखलाची नदी. फोटो सगळे काढतात, मीही काढले, त्यात काही विशेष नाही.

बुधवार

आजचा दिवस गढूळ तळ्याचा. रसेलच्या बाजूला, बर्फाच्या पाण्याचा एक फाटा ज्यात उतरतो असं तळं. नाव नाही. इथल्या हजारो तळ्यांना नावं नाहीत, संशोधकांच्या वहीत त्यांना क्रमांक असतात. पाठीवर फुगवायची रबरी होडी, वल्ही, बाटल्या, जाळी. मला फक्त दोरी आणि सेक्की चकती दिली, वयाचा मान राखून.

सेक्की चकती म्हणजे वीस सेंटीमीटरची काळीपांढरी थाळी. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. दीडशेहून जास्त वर्षं चालत आलेली पद्धत, बॅटरी लागत नाही. होडीतून चकती सोडली आणि ती हात बुडेपर्यंतच्या खोलीत गडप झाली. अर्धा मीटरसुद्धा नाही.

पाण्यातल्या जीवांसाठी याचा अर्थ भाचीने वल्हं मारता मारता सांगितला. तळ्याच्या वरच्या पातळ थरात तेवढा उजेड. त्याखाली जुलैच्या भर दुपारी अंधार. म्हणजे शेवाळाला जगायचं तर वरच राहायला हवं, आणि तळाशी शेवाळाची गादी तयार होण्याचा प्रश्नच नाही. आर्क्टिकच्या नितळ तळ्यांत उत्पादनाचा मोठा वाटा तळावरच्या गादीचा असतो. इथे तो वाटाच कापला गेला.

"पण खत तर येतंय," मी म्हटलं. खडकात ॲपाटाइट हे खनिज असतं, त्यात फॉस्फरस. दगड इतका बारीक दळल्यावर तो मोकळा होणारच.

"येतंय ना. पण बराचसा कणांना धरून बसलेला. जेवण ताटात आहे, झाकण उघडत नाही. आणि झाकण उघडलं तरी दिवा नाही."

इथल्या तळ्यांत नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्हींची चणचण असते. त्यामुळे बर्फाचं पाणी एका हाताने जे देतं त्याला मोल आहे, पण दुसऱ्या हाताने ते उजेड काढून घेतं. कुठला हात जड पडतो हे तळ्याची खोली, पाणी किती दिवस मुक्काम करतं, गाळ बसायला जागा किती, यावर ठरतं. एका खोऱ्यातला निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही हेही तिने दोनदा बजावलं. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात हिमनदीच्या पाण्यावरच्या तळ्यांत नायट्रेट शेजारच्या साध्या, हिमवर्षावाच्या पाण्यावरच्या तळ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडलं. तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवून ग्रीनलंडला यायचं नाही.

मग जाळी ओढली. प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, बारीक जाळी, टोकाला बाटली. वर आली ती जवळजवळ पिठाने भरलेली. भिंगातून पाहिलं तर काही रोटिफर हे सूक्ष्म प्राणी फिरत होते, एखाददुसरा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला इवलासा जीव. डॅफ्निया, म्हणजे आपल्या विहिरींतही सापडणारी ती पाणपिसू, एकही नाही. डॅफ्निया पाणी गाळून खाते. समोर येईल ते गाळणीत घेते, निवडत नाही. इथे गाळणीत दगडच येतो. पोट भरतं, पोषण होत नाही. कोपेपॉड घास निवडू शकतो, म्हणून तगतो. ही डॅफ्नियाची गैरहजेरी दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण शेवाळ चरणारी मोठी जनावरं म्हणजे तीच, आणि माशांचं आवडतं खाद्यही तीच. मासे नजरेने शिकार करतात. त्यांनाही इथे काही दिसणार नाही.

गाळाची एक बाजू मात्र संरक्षणाची. ध्रुवीय उन्हाळ्यात चोवीस तास ऊन, आणि अतिनील किरणांपासून पाण्यात लपायला जागा नाही. पीठ ते किरण विखरून अडवतं.

जेवण खडकावर बसून. मी भाजणीची थालीपिठं करून आणली होती, शेंगदाण्याची चटणी होती. डास इतके की घास आणि तोंड यांच्यामध्ये जाळी उचलावी लागे. दोन-चार डास पोटात गेले असतील.

पुढे चालत गेलो तर एका जुन्या काठाच्या खुणा दिसल्या. रसेलच्या उत्तरेला बर्फानेच अडवलेलं एक तळं आहे. बांध बर्फाचा, आणि तो कायम धरेलच असं नाही. वीसेक वर्षं शांत राहून २००७ च्या ऑगस्टअखेरीस ते एकदम रिकामं झालं, पुढच्या वर्षी पुन्हा. असा पूर वॉटसन नदीत येतो. तळ्याच्या काठावरचं, उथळ पाण्यातलं सगळं जगणं मग नव्याने सुरू. धरणाची पातळी आम्ही मिलिमीटरमध्ये लिहायचो. इथे पातळीला कुणाचं बंधन नाही.

याच्या उलटही घडतं. बर्फ मागे सरकला की एखाद्या दिवशी पाणी दुसऱ्याच दरीने वाहू लागतं आणि तळं गाळाला पारखं होतं. कॅनडाच्या युकॉनमध्ये मे २०१६ मध्ये कास्कावुल्श हिमनदीचं पाणी काही दिवसांत स्लिम्स नदी सोडून दुसऱ्या खोऱ्यात गेलं. क्लुएन हे मोठं तळं त्या नदीवर पोसलं जायचं. त्याची पातळी घसरली आणि नदीच्या उघड्या पात्रातून धूळ उडू लागली. एका हिमनदीने कूस बदलली की एवढा पसारा हलतो.

गुरुवार

कालच्या तळ्यापासून फार लांब नाही, पण मधे एक उंचवटा. बर्फाचं पाणी इथे येत नाही. साचतं ते हिवाळ्यातल्या हिमाचं आणि थोड्याशा पावसाचं. या भागात वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पडत नाही. नाशिकच्या जुलैतल्या एका चांगल्या आठवड्याचा हिशेब.

चकती सोडली आणि दोरी जातच राहिली. पाच मीटर, सहा मीटर. शेवटी वाऱ्याने होडी फिरली म्हणून वाचन सोडून दिलं. तळ दिसत होता: शेवाळाची तपकिरी-हिरवी चादर, तिच्यावर सोंगट्यांसारखे गडद हिरवे गोळे. काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे. एक उथळ पाण्यातून उचलला. घट्ट जेली, बाहेरून गुळगुळीत. हा नॉस्टॉक, निळ्याहिरव्या जीवाणूंची वसाहत. हवेतला नायट्रोजन पकडून स्वतःचं खत स्वतः करतो, म्हणून अशा उपाशी पाण्यात त्याची चंगळ. उजेड मात्र हवाच. म्हणजे कालच्या तळ्यात तो मावणार नाही. दिसायला गोंडस असला तरी कांगरलुसुआकच्या तळ्यांत मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष सापडलेलं आहे, आणि या गोळ्यांकडे त्यासाठी संशयाने पाहिलं जातं. आपल्याकडे ते नाव हिरव्यागार सडलेल्या तलावांशी जोडलेलं. इतक्या नितळ, थंड पाण्यात ते असावं हे माझ्या प्रयोगशाळेतल्या कुणाला पटलं नसतं.

जाळीत आज डॅफ्निया भरपूर. उथळ, स्वच्छ आर्क्टिक तळ्यांत तिच्या पाठीवर काळसर मेलॅनिन चढतं, उन्हाची छत्री म्हणून. मासे असलेल्या तळ्यात हीच छत्री जिवावर येते, कारण काळा ठिपका माशाला लगेच दिसतो. या तळ्यात काटेरी पाठीचा स्टिकलबॅक मासा आहे. काठाशी बोटभर लांबीची पिल्लं सुळसुळत होती. मोठ्या, खोल तळ्यांत 'आर्क्टिक चार' नावाचा मासा असतो.

इथे बसल्यावर मला त्या दरीची रचना नीट उमगली. बर्फाला खेटून गढूळ तळी. थोडं पश्चिमेला, ज्यांचा पाणीपुरवठा तुटला ती नितळ तळी. त्यांच्या काठांवर खुजी विलो आणि बर्च, क्रोबेरीची झुडपं. आणखी पश्चिमेला, काही हजार वर्षं बर्फापासून लांब असलेली जुनी तळी, भोवती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती. बर्फ मागे सरकत गेला त्याच क्रमाने ही तळी सुटी झाली. गाळ थांबला की आधी उजेड तळाला पोचतो, मग तळावरची गादी, मग डॅफ्निया. तोवर काठावर माती तयार होते आणि पावसाबरोबर तिचा अर्क पाण्यात उतरू लागतो. भाचीची सगळी पीएच.डी. या रांगेवर उभी आहे. वेगवेगळ्या तळ्यांकडे पाहून एका तळ्याचा इतिहास वाचायचा. तिच्या मार्गदर्शकांचा यावर फार विश्वास नाही म्हणे, आणि मला वाटतं त्यांचं थोडं बरोबर आहे. प्रत्येक तळ्याचा खडक, उतार, मासे वेगळे. म्हणून गाळाचे गाभे काढावे लागतात. गढूळ तळ्यात उन्हाळ्याचा जाडसर आणि हिवाळ्याचा बारीक असे थर वर्षावर्षाने बसतात, आणि त्यांत डायटम या सूक्ष्म शेवाळांची काचेची कवचं अडकतात. तळं कधी गढूळ होतं, कधी निवळलं, ते कुठल्या जातीची कवचं आहेत यावरून कळतं.

शुक्रवार

पाऊस. होडी बंद, प्रयोगशाळा चालू. नमुने गाळायचे, कागद घडी घालून गोठवायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. मला हे काम मनापासून आवडतं. भाचीला कंटाळवाणं वाटतं. मी गाळत बसले, ती बोलत.

तिने लेक हेझनची हकीकत सांगितली. कॅनडाच्या एल्समीअर बेटावर, जवळजवळ ८२ अक्षांशावर, २६७ मीटर खोल, उच्च आर्क्टिकमधलं घनफळाने सगळ्यात मोठं तळं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे उन्हाळ्याचं तपमान साधारण एक अंशाने चढलं आणि हिमनद्यांकडून येणारं पाणी सुमारे दहापट झालं. पाण्याचा तळ्यातला मुक्काम त्यामुळे सत्तर टक्क्यांनी घटला. गाळाने जड झालेलं थंड पाणी पृष्ठभागावर पसरत नाही, काठावरून सरळ तळाशी बुडी मारतं आणि जाताना प्राणवायू खाली नेतं. तळ्यावरचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण निघून जाण्याची वर्षं वाढली, शेवाळांच्या जाती बदलल्या, आणि 'आर्क्टिक चार' जातीचे मासे रोडावले. एक अंश! आमच्याकडे एक अंशाला कुणी पंखासुद्धा वाढवत नाही.

त्याच तळ्याच्या खोऱ्यातली दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटली. ताजं दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात विरघळताना रासायनिक क्रियेने कार्बन डायऑक्साइड वापरतं. त्यामुळे त्या गढूळ नद्या आणि तळं हवेतून कार्बन ओढून घेतात, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. जीव जवळजवळ नसलेलं पाणी, आणि तरी कार्बन घेतंय.

आता याच्या शेजारी कांगरलुसुआकचं २०२२ ठेवायचं. त्या शरदात विक्रमी उष्णता आली, आणि जिथे हिम पडायचं तिथे पाऊस कोसळला. कायम गोठलेली जमीन सैलावली, मातीतला सेंद्रिय कार्बन आणि लोह धुऊन तळ्यांत उतरलं. पश्चिम ग्रीनलंडमधली ७,५०० हून जास्त तळी वर्षाच्या आत निळ्याची तपकिरी झाली. मेन विद्यापीठाच्या गटाने २०२५ च्या सुरुवातीला हे प्रसिद्ध केलं. पूर्वी उन्हाळ्यात ही तळी कार्बन घ्यायची, नंतर सोडू लागली. उजेड आत जाईना, तेव्हा उजेडावर जगणारे मागे पडले आणि मातीचा अर्क खाणारे जीवाणू पुढे आले.

म्हणजे उजेड अडवणारे दोन पाहुणे. एक दगडाचा, हिमनदीतून येणारा. दुसरा मातीचा, वितळत्या जमिनीतून येणारा. पहिल्याची तळी कार्बन घेऊ शकतात, दुसऱ्याची देतात. 'बर्फ वितळतोय' ही बातमी आपण समुद्राच्या पातळीच्या आकड्यात वाचतो आणि पान उलटतो. तळ्याला विचारलं तर ते आधी विचारेल, पाणी आलं कुठल्या वाटेने?

माझ्या धंद्यातलाही प्रश्न यात आहे. दगडाचं पीठ तुरटीने आणि वाळूच्या गाळणीने निघतं, कटकट आहे पण निघतं. विरघळलेला मातीचा अर्क तसा निघत नाही, आणि त्यावर क्लोरीन टाकलं की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. ते शरीराला बरे नव्हेत. इथली छोटी गावं तळ्याचंच पाणी पितात. शुद्धीकरणाची यंत्रणा नितळ पाणी धरून बांधलेली असली तर ती तपकिरी पाण्याला पुरेल का, हे मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "हा तुझा पेपर, मावशी. तू लिही."

शनिवार

पश्चिमेला केलीविलपर्यंत गाडी, तिथून चालत. सिसिमिउतपर्यंत जाणारी १६० किलोमीटरची आर्क्टिक सर्कल ट्रेल इथूनच सुरू होते. पाठीवर घर घेतलेली पोरं-पोरी भेटत होती. त्यांना इथल्या पहिल्या तळ्यांचं पाणी पिऊ नका असं सांगितलेलं असतं, कारण ते मचूळ आहे.

ध्रुवीय प्रदेशात खारी तळी! ब्राया सो हे त्यातलं एक. बर्फाचं पाणी कधीच तुटलं, बाहेर जायला वाट नाही, पाऊस नगण्य आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन भरपूर. हजारो वर्षं क्षार साठत गेले. वाहकता मोजली तर आकडा हजारांत. काठांवर पांढरट रेघा, जुन्या पातळ्यांच्या. पाण्यात फॅलारोप पक्षी भिंगरीसारखे गोल फिरून किडे वर आणत होते, त्यांना खारटपणाचं सोयरसुतक नाही.

या खारटपणात एक विशिष्ट शेवाळ वाढतं, आणि ते बनवतं त्या अल्केनोन नावाच्या मेदासारख्या रेणूंवर पाण्याचं तपमान नोंदलं जातं. ब्राया सो आणि शेजारच्या तळ्याच्या गाळातून मागच्या ५,६०० वर्षांचं तपमान काढलं गेलं. सक्काक आणि डॉर्सेट या इथल्या प्राचीन लोकांचं येणं-जाणं, नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या वसाहतींचा काळ, हे सगळं त्या वक्ररेषेशेजारी ठेवून पाहता आलं. बर्फाच्या पाण्याखालच्या तळ्याला ही नोंद ठेवता आली नसती, पिठाने सगळं पातळ करून टाकलं असतं.

मी इथे फार वेळ थांबले नाही. गुडघा दुखत होता.

रविवार

परतीचं विमान दुपारचं. सकाळ बाटल्यांच्या शीतपेट्या बांधण्यात गेली. भाची अजून महिनाभर राहणार, ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच गढूळ तळ्यावर जाणार, कारण वितळणं ओसरल्यावर तिथे उजेड किती वाढतो ते तिला मोजायचंय.

कुणी जाणार असाल तर थोडी माहिती. जुलैत बर्फाचं पाणी सगळ्यात जोरात असतं, डासही. डोक्यावरची जाळी भारतातूनच घेऊन जा. मध्यरात्रीचा सूर्य जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळतो. ऑगस्टअखेरीस डास ओसरतात आणि झुडपं लाल होतात. राहणं महाग आहे, दुकान एखादंच, तेव्हा भाजणी, मेतकूट, कडक भाकरी असं टिकाऊ काही सोबत ठेवा. बर्फावर वाटाड्याशिवाय चढू नका. नदीच्या कोरड्या दिसणाऱ्या पात्रात उतरू नका, त्यात रुतणारी वाळू आहे. तळ्यांवर जाणार असाल तर टिनच्या झाकणाला काळापांढरा रंग देऊन मोजलेली दोरी बांधून घ्या. वजन काही नाही, आणि दोन शेजारच्या तळ्यांत ती सोडून पाहिल्याशिवाय मी वर लिहिलेल्या अर्ध्या गोष्टी खऱ्या वाटणार नाहीत.